टेबल गेलं, पाकीटही गेलं

पत्र : येत्या जुलैत आम्ही दोघं सिएटलला मुलाकडे जाणार आहोत. तिथून मुलगा, सून, दोन नातवंडं आणि आम्ही असे सहा जण सात रात्रींच्या अलास्का क्रूझला जाऊ. बुकिंग झालं आणि घरात वाद सुरू झाले. 2006 साली मुलगा तिकडे शिकत होता, तेव्हा त्यानं आम्हा दोघांना मायामीहून कॅरिबियनच्या बोटीवर पाठवलं होतं. ह्यांच्या डोक्यात बोट म्हणजे अजून तीच. रोज संध्याकाळी ठरलेलं टेबल, तोच वेटर, शेजारी एक आयरिश जोडपं (पुढे कितीतरी वर्षं त्यांची ख्रिसमसची कार्डं यायची), दोन रात्री सूट-टाय, मध्यरात्रीचा बुफे, आणि शेवटच्या रात्री वेटरच्या हातात पाकीट. आता मुलगा म्हणतो, बाबा, जीन्स चालते, जेवायला ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा तो जाईल. टिप तर आधीच बिलात लागणार, म्हणजे सहा जणांचे सातशेवर डॉलर. हे म्हणतात, काउंटरवर जाऊन ते काढून टाकू आणि जे आपली सेवा करतील त्यांच्या हातात आपणच देऊ. सून म्हणते, असं केलंत तर मला बोटीवर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी शाकाहारी, शिवाय बोट लागेल ही भीती वेगळीच. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर :

ताई, तुमच्या घरात वाद दोन-तीन दिसतात, पण गाठ एकच आहे. सूट, पाकीट, आयरिश जोडपं, तोच वेटर, हे सगळं एका टेबलाला बांधलेलं होतं. ते टेबल सुटलं आणि बाकीचं एकामागून एक सुटत गेलं.

जुनी पद्धत अशी. संध्याकाळी जेवणाच्या दोन पंगती, पहिली सहाच्या आसपास आणि दुसरी आठ-सव्वाआठला. बुकिंग करतानाच तुमची पंगत ठरायची, टेबलाचा नंबर कार्डावर छापून यायचा आणि सगळी सफर त्याच खुर्चीवर. तुम्ही दोघंच असलात तर आणखी दोन-चार अनोळखी माणसं त्या टेबलावर बसवायचे. वेटर आणि त्याचा मदतनीस तेच. तिसऱ्या दिवशी त्याला ठाऊक असायचं की तुम्हाला पाण्यात बर्फ नको, आणि साहेबांना जेवण झाल्याशिवाय कॉफी नको. हजारभर माणसं एकाच वेळी एकाच दालनात बसणार म्हटल्यावर नटण्याला अर्थ होता, कारण बघायला सगळे समोर होते. शेवटच्या रात्री दिवे मंद करून वेटर मंडळी पेटत्या बेक्ड अलास्काचे (हा आइस्क्रीमचा एक गोड पदार्थ) ट्रे डोक्यावर धरून टेबलांमधून मिरवायची, पाहुणे नॅपकिन फिरवायचे. त्याच गडबडीत पाकीट हातात पडायचं.

2000 साली सिंगापूर-हाँगकाँगकडच्या स्टार क्रूझेसनं नॉर्वेजियन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नॉर्वेजियननं 'फ्रीस्टाइल' सुरू केलं : पंगत नाही, टेबल नाही, नटण्याची सक्ती नाही, हवं तेव्हा हव्या त्या रेस्टॉरंटात जा. आपल्याकडच्या ज्या मंडळींनी पहिली बोट सिंगापूरची, सुपरस्टार व्हर्गोची केली, त्यांना यात फारसं नवल वाटणार नाही. मायामीवाल्यांना वाटलं. पण लोकांना ते आवडलं, आणि हळूहळू बाकीच्या कंपन्यांनीही ठरलेल्या टेबलाच्या जोडीला मोकळं जेवण आणलं. आता सात रात्रींत सात वेगळे वेटर तुम्हाला वाढणार असतील, तर पाकीट कोणाला देणार? म्हणून पाकिटाच्या जागी माणशी-दिवसाला ठरलेली रक्कम आली, जी आपोआप तुमच्या खात्यावर चढते.

तुमच्या यजमानांना पाकीट जुनं हवंय, पण ते ज्यावर उभं होतं ते टेबल आता जागेवर नाही. ते म्हणतात त्याप्रमाणे केलं तर काय होईल ते सांगते, कारण यात त्यांची दानत चांगली आहे आणि परिणाम वाईट आहे.

ही रक्कम सध्या मोठ्या कंपन्यांत माणशी दिवसाला साधारण 16 ते 20 डॉलर असते. 17 धरले तर सहा माणसं गुणिले सात दिवस, 714 डॉलर. आपल्या पैशांत साठ हजारांवर जातं. आकडा बघून कुणाच्याही पोटात गोळा येईल. बऱ्याच बोटींवर तो रिसेप्शनवर जाऊन कमी करता येतो किंवा काढताही येतो, हेही खरं. पण तो पैसा फक्त तुम्हाला दिसणाऱ्या वेटरचा नसतो. केबिन साफ करणारा, ताटं विसळणारा, खालच्या मजल्यावर चादरी-टॉवेल धुणारा, अशांमध्ये तो वाटला जातो. ही माणसं तुम्हाला सात दिवसांत एकदाही दिसणार नाहीत, मग त्यांच्या हातात पाकीट कसं देणार? आणि काही कंपन्यांत तर नियमच आहे की पाहुण्यानं आपोआप लागणारी टिप काढली असेल, तर त्याच्याकडून हातात मिळालेली रोकड कर्मचाऱ्यानं सामाईक गल्ल्यात जमा करायची. म्हणजे ह्यांनी मोठ्या प्रेमानं चाळीस डॉलर द्यायचे आणि त्या मुलानं ते मान खाली घालून वर जमा करायचे.

कोणी म्हणेल, पगार द्यायचं काम कंपनीचं, आमचं कशाला? शंभर टक्के कबूल. बोटींची नोंदणी बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा ठिकाणी असते, त्यामुळे बोट सिएटलहून सुटली तरी अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा तिच्यावरच्या वेटरला लागू होत नाही. मूळ पगार तुटपुंजा ठेवायचा आणि बाकीचं पाहुण्यांच्या खिशातून भरायचं, हे गणित मला मुळीच पटत नाही. पण ते भांडण रिसेप्शनच्या काउंटरवर जिंकता येत नाही. तिथे हरतो तो खालच्या मजल्यावरचा माणूस. आंतरराष्ट्रीय नियमानं बोटीवरच्या माणसाकडून चोवीस तासांत चौदा तास आणि आठवड्यात बहात्तर तासांपर्यंत काम घेता येतं. कंत्राट सहा ते नऊ महिन्यांचं. रविवार नाही, गणपती नाही, नाताळ नाही. फिलिपिन्स आणि इंडोनेशियाची माणसं खूप, पण आपलीही कमी नाहीत. गोव्यात सासष्टी-बार्देशात अशा तारवटींच्या (बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या) पैशांवर बांधलेली घरं गल्लोगल्ली दिसतील. तुमच्या केबिनच्या दारावर टकटक करणारा मुलगा मडगावचा निघाला तर ह्यांची जीभ रेटेल का रक्कम काढायला?

तेव्हा सूनबाईंचं बरोबर. त्यांना नुसती लाज वाटत नाहीये, त्यांना हिशोब कळलाय. बोटीवर चढण्याआधीच ती रक्कम भरून टाका, म्हणजे रोज खात्यावर आकडा वाढताना बघून जेवण कडू होणार नाही. आणि ह्यांचा हात देता असेल (तसा तो असावा, पत्रावरून दिसतोच), तर शेवटच्या दिवशी केबिनवाल्याला आणि एखाद्या आवडत्या वेटरला वेगळे दहा-वीस डॉलर स्वतःच्या हातानं द्या. पाकिटात घालून द्या हवं तर. त्याहून जास्त उपयोगी पडेल ती एक गोष्ट म्हणजे अभिप्रायाच्या फॉर्मवर त्याचं नाव लिहा. 'सर्व्हिस छान' असं मोघम नको. नाव, आणि त्यानं काय केलं ते एका ओळीत. बढतीच्या वेळी अशी नावं मोजली जातात.

आता टेबल. ते पूर्ण गेलेलं नाही, हे मुलानं तुम्हाला सांगितलं नसेल. अनेक कंपन्या अजूनही ठरलेल्या वेळेचं, ठरलेल्या टेबलाचं जेवण देतात, फक्त आता ते आपणहून मागावं लागतं. मुलाला आजच बुकिंग उघडायला सांगा आणि तशी सोय असेल तर ती निवडा. नातवंडं लहान आहेत, तेव्हा लवकरची पंगत घ्या. रोज संध्याकाळी सगळे एकत्र बसतील, वेटर तोच राहील, ह्यांची अर्धी तक्रार मिटेल आणि तुमच्या शाकाहाराचाही प्रश्न सुटेल. बंदराच्या दिवशी मात्र हट्ट धरू नका. जुनोत किंवा स्कॅग्वेत भटकून उशिरा परतलात तर वरच्या मजल्यावर बुफे आहेच. जुलैत तिकडे रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, पोरांना सहा वाजता खाली ओढून आणणं हा अन्याय होईल.

आयरिश जोडपं मात्र या टेबलावर भेटणार नाही. त्याला नवी पद्धत जबाबदार नाही. तेव्हा तुम्ही दोघं होतात, आता सहा आहात, सहा जणांना स्वतंत्रच टेबल मिळतं. ओळखी व्हाव्यात असं वाटत असेल तर ह्यांना जिगसॉ पझलच्या टेबलाकडे पाठवा. कित्येक बोटींवर असं एक टेबल मांडलेलं असतं. येणारा-जाणारा दोन तुकडे लावतो, 'हा आकाशाचा की बर्फाचा' यावर हुज्जत घालतो आणि बसतो. तुमची बोट ग्लेशियर बेला जाणारी असेल तर त्या दिवशी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर बोटीवर चढतात आणि माहिती सांगतात. तेव्हा डेकवर सगळे खेटून उभे असतात, दुर्बिणी या हातातून त्या हातात जातात. संध्याकाळच्या टेबलापेक्षा तिथे गप्पा लवकर जमतात.

सुटाबद्दल मुलगा अर्धा बरोबर. सात रात्रींत बऱ्याच बोटींवर नटण्याच्या दोन रात्री अजून असतात, पण त्यांची सक्ती राहिलेली नाही. सेलेब्रिटी कंपनीनं तर 2015 च्या अखेरीस 'फॉर्मल नाइट' हे नावसुद्धा काढून टाकलं. कुनार्डसारखी एखादी कंपनी संध्याकाळी सहानंतरचा रुबाब अजून सांभाळून आहे, आणि तिथेही देशी औपचारिक पोशाख चालतो. बंद गळ्याचा जोधपुरी घालून आलेल्या माणसाला कुणी टाय विचारत नाही. ह्यांना सूट घालायचा आहे? घालू द्या. एक सूट, एक टाय, तोच दोन्ही रात्री. मुलाला घालायचा नाही? कॉलरचा शर्ट आणि फुल पँट पुरे, मुख्य डायनिंग रूममध्ये रात्री हाफ पँट मात्र नको. आणि तुम्ही पैठणी न्या, ताई. त्या दालनात तुमच्याइतकी नटलेली दुसरी बाई सापडणार नाही, फोटो काढायला लोक रांग लावतील. बॅगेतली उरलेली जागा गरम कपड्यांना द्या. हिमनदीसमोर पहाटे डेकवर वारा असा झोंबतो की जुलै आहे यावर विश्वास बसत नाही. कानटोपी, विंडचिटर, आत एक पातळ थर, आणि पायात मोजे-बूट. पैठणीवर स्वेटर घालून डेकवर उभं राहायचं असेल तर तीही मजा करा, पण पदर आधी नीट खोचून घ्या.

मध्यरात्रीचा बुफे बहुतेक ठिकाणी गेला. बर्फाचे कोरलेले हंस आणि टरबुजाचे मोर पाहायला लोक यायचे, फोटो काढायचे, आणि अन्न फुकट जायचं. मला त्याचं वाईट वाटत नाही. केबिनमधल्या टॉवेलच्या हत्तीचं वाटतं. पूर्वी केबिनवाला दिवसातून दोनदा यायचा. संध्याकाळी तुम्ही जेवायला गेलात की पलंग सारखा करून, मोठ्या टॉवेलच्या दोन गुंडाळ्यांचे चार पाय करायचा, त्यावर लहान टॉवेलचं डोकं-सोंड बसवायचा आणि टेबलावरचा तुमचाच गॉगल त्याच्या डोळ्यांवर ठेवून जायचा. 2023 च्या सुरुवातीला रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियननं साध्या केबिनमधली दुसरी फेरी बंद केली, आणि हत्तीसाठी हातात उरणारा वेळही गेला. नात हट्टाची असेल तर पहिल्या दिवशीच केबिनवाल्याला गोड शब्दांत विचारा. शिवाय पुष्कळ बोटींवर टॉवेल घड्या घालायला शिकवण्याचा एखादा तास ठेवलेला असतो, तिला तिथे बसवा. ठाण्याला फोन लावून आजीच्या मैत्रिणींना दाखवेल.

एका बाबतीत मात्र कुणाचंच ऐकू नका, मुलाचंही नाही. सुटण्याआधीची सुरक्षेची कवायत. ह्यांना आठवत असेल, 2006 मध्ये सगळ्यांना नारिंगी लाइफ जॅकेट घालून डेकवर लाइफबोटीखाली उन्हात रांगेत उभं केलं असेल. पोरं जॅकेटची शिट्टी फुंकायची, म्हातारे कुरकुरायचे. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, 32 माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती, ती दुसऱ्या दिवशी ठेवली होती. त्यानंतर नियम बदलला : कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी झालीच पाहिजे. करोनाच्या काळात, 2020 पासून, ती फोनवर आली. व्हिडिओ बघा, संकटात जमायच्या आपल्या ठरलेल्या जागेवर जाऊन कार्ड दाखवा, झालं. सोयीचं आहे, गर्दी टळते. पण मी पाहिलंय, लोक व्हिडिओ आवाज बंद करून लावतात आणि एकीकडे बर्गर खातात. तुम्ही सगळे मिळून केबिनपासून तुमच्या जागेपर्यंत एकदा जिन्यानं चालत जा, लिफ्टनं नाही. सात छोटे भोंगे आणि एक लांब, ही खूण नातवंडांकडून पाठ करून घ्या. त्यांना मनगटात पट्टा देतील, तो शेवटपर्यंत काढू देऊ नका.

जेवणाचं सोपं आहे. बुकिंगमध्येच 'भारतीय शाकाहारी' असं नोंदवा, नुसतं 'शाकाहारी' लिहिलंत तर सात दिवस पास्ता आणि उकडलेली ब्रोकोली पानात येईल. पहिल्या रात्री हेड वेटरला बोलवा. उद्याचं आज सांगितलं तर डाळ, भाजी, पोळीसदृश काहीतरी हमखास मिळतं, आणि आत स्वयंपाकघरात आपला माणूस असला तर फोडणीसुद्धा. घरून सीलबंद चिवडा, लाडू न्यायला हरकत नसते. घरी करून डब्यात भरलेले थेपले किंवा भाजी नको, ते अडवतात. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री आणि उदबत्ती मात्र मुळीच नको, आगीच्या भीतीनं तपासणीतच काढून घेतात. बुफेच्या दाराशी 'हात धुवा' म्हणून कुणी गाणं म्हणत उभं असेल, तर हसून पुढे जाऊ नका, खरंच धुवा. पोटाची साथ बोटीवर एका चमच्यावरून पसरते. त्याच कारणानं आता पुष्कळ कप्तान पाहुण्यांशी हस्तांदोलन करत नाहीत, मुठीला मूठ लावतात. ह्यांनी हात पुढे केला आणि समोरून मूठ आली तर अपमान समजू नये. आणि दुसऱ्यांदा वाढून घेताना ताट नवं घ्या, हेही त्यांना हळूच सांगा.

बोट लागण्याचं म्हणाल, तर अलास्काच्या आतल्या खाड्यांमध्ये पाणी परातीतल्यासारखं शांत असतं. हलते ती पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यात, कारण सिएटलच्या कित्येक बोटी व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, मोकळ्या समुद्रातून जातात. तुमच्या डॉक्टरांना विचारून गोळी जवळ ठेवा, आणि केबिन बदलणं शक्य असेल तर बोटीच्या मधली, खालच्या मजल्यावरची मागा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळ्यात आधी करण्याचं काम हे आहे. परदेशी झेंड्याच्या बोटीनं अमेरिकेतून सुटून अमेरिकेतच परत यायचं असेल तर वाटेत एका परदेशी बंदराला टेकावं लागतं, हा 1886 पासूनचा कायदा. म्हणून सिएटलच्या अलास्का बोटी कॅनडात, बहुधा व्हिक्टोरियाला, एखाद्या संध्याकाळी थांबतात. भारतीय पासपोर्टवर त्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो, तुम्ही खाली उतरणार नसलात तरी. तो नसेल तर सिएटलच्या धक्क्यावरच तुम्हाला थांबवतील. मुलाकडे आणि सुनेकडे ग्रीन कार्ड असेल तर त्यांना व्हिसा लागणार नाही, तुम्हा दोघांना लागेल. अमेरिकेचा व्हिसाही एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, ते पासपोर्टवर बघून घ्या. कॅनडाच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईत जावं लागेल आणि निकालाला आठवडे लागू शकतात. सुटाचा वाद जूनपर्यंत चालला तरी चालेल, हा अर्ज या आठवड्यात भरा.